तुटलेली लिंक, पण कोणासाठी? इंट्रानेटवरच्या लिंका शोधायची आणि त्यांची वर्गवारी लावायची पद्धत

सार्वजनिक संकेतस्थळावरची लिंक तुटली की ती साधारणपणे सगळ्यांसाठीच तुटते. इंट्रानेटवर, म्हणजे कंपनीच्या आतल्या, फक्त कर्मचाऱ्यांसाठीच्या संकेतस्थळांवर, तसं नाही. एकच लिंक लेखा विभागात नीट उघडते, भांडार विभागात ‘तुम्हाला परवानगी नाही’ म्हणते, घरून व्हीपीएनवर (कंपनीच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणीवर) काम करणाऱ्याला तिचा सर्व्हरच सापडत नाही, आणि प्रशासकाच्या खात्यातून पाहिलं तर सगळं ठीक दिसतं. त्यामुळे ‘किती लिंका तुटल्या’ हा आकडा काढण्याआधी ‘कोणासाठी आणि कुठून’ हे ठरवावं लागतं. ते न ठरवता काढलेल्या आकड्यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

दुसरी अडचण तपासणीनंतर येते. टूल चालवलं की हजारो ओळींची शीट हाती येते, ती सगळ्या विभागांना ईमेलने जाते आणि तिथेच पडून राहते, कारण कुठली ओळ कोणी दुरुस्त करायची हे तिच्यात नसतं. म्हणून या लेखात शोधण्याइतकाच भर वर्गवारीवर दिला आहे.

तपासणी कुठून आणि कोणाच्या खात्यातून

इंटरनेटवर मिळणाऱ्या ऑनलाइन लिंक-तपासणी सेवा इथे उपयोगाच्या नाहीत, त्या फायरवॉलच्या, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कभोवतीच्या संरक्षक भिंतीच्या, आत पोहोचतच नाहीत. टूल आतल्याच मशीनवर चालवावं लागतं. पण सर्व्हर रूममधलं मशीन सोयीचं म्हणून निवडू नका. त्याची डीएनएस (नावावरून सर्व्हर शोधणारी व्यवस्था), प्रॉक्सी (बाहेरच्या इंटरनेटकडे नेणारा मध्यस्थ) आणि फायरवॉलची मांडणी बऱ्याचदा कर्मचाऱ्यांच्या संगणकांपेक्षा वेगळी असते. प्रॉक्सी न लावलेल्या मशीनवरून बाहेरच्या सगळ्या लिंका ‘वेळ संपली’ अशा दिसतील. उलट, सर्व्हर विभागातून अशा यंत्रणा सहज उघडतील ज्या सामान्य वापरकर्त्याला बंद आहेत. ऑफिसच्या नेटवर्कवरचा एक साधा डेस्कटॉप आणि व्हीपीएनवरचा एक लॅपटॉप, अशा दोन जागा ठेवल्या की चित्र बऱ्यापैकी खरं येतं. नुसतं ‘पोर्टल’ किंवा ‘एचआर’ असं एकशब्दी होस्टनेम (सर्व्हरचं नाव) असलेल्या लिंका याच फरकात सापडतात: ऑफिसमधला संगणक नावापुढे कंपनीचं डोमेन आपोआप जोडून पाहतो, आणि व्हीपीएनवर ती सेटिंग नसेल तर नाव सापडत नाही.

खात्याच्या बाबतीत एक नियम कडक पाळा: क्रॉलरला, म्हणजे एकामागून एक लिंका उघडत पानं तपासणाऱ्या टूलला, प्रशासकाचं खातं कधीही देऊ नका. क्रॉलर दिसेल ती प्रत्येक लिंक उघडतो. जुन्या अंतर्गत ॲप्लिकेशनांमध्ये ‘काढून टाका’, ‘मंजूर करा’ ही कामंही साध्या लिंकवर ठेवलेली असतात. क्रॉलरच्या दृष्टीने ती इतर लिंकांसारखीच. फक्त वाचण्याचे हक्क असलेलं वेगळं खातं मागून घ्या. ‘लॉग आउट’ची लिंक वगळण्याच्या यादीत पहिल्यांदा टाका, नाहीतर टूल स्वतःच बाहेर पडेल आणि पुढचे सगळे निकाल चुकतील. शक्य असेल तर दोन खाती घ्या: एक नव्याने रुजू झालेल्या कर्मचाऱ्याएवढे हक्क असलेलं, दुसरं एखाद्या विभागाच्या नेहमीच्या वापरकर्त्याचं. आणि सुरक्षा विभागाला आधी कळवा. कमी वेळात हजारो विनंत्या पाठवणारं मशीन त्यांच्या पडद्यावर हल्लेखोरासारखंच दिसतं.

यादी तीन बाजूंनी गोळा करा

पहिली बाजू क्रॉलिंगची. ‘लिंकचेकर’ हे मुक्त सॉफ्टवेअर कमांडवर चालतं आणि निकाल सीएसव्हीमध्ये (शीट म्हणून उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये) देतं. त्यात तुटलेल्या पत्त्याबरोबर तो कुठल्या पानावर, कुठल्या ओळीत होता हेही येतं. बाहेरच्या लिंका ते आपणहून तपासत नाही, तो पर्याय वेगळा द्यावा लागतो. ‘स्क्रीमिंग फ्रॉग’ला पडद्यावरची सोय चांगली आहे, पण मोफत आवृत्ती ५०० पत्त्यांवर थांबते. ‘डब्ल्यूगेट’चा स्पायडर पर्याय जवळपास सगळ्या लिनक्स मशीनवर हाताशी असतो, मात्र शेवटी तो नुसते तुटलेले पत्ते देतो, ते कुठल्या पानावरून आले हे त्या यादीत नसतं. दुरुस्ती करणाऱ्याला हवी असते ती नेमकी तीच माहिती, म्हणून डब्ल्यूगेट चटकन अंदाज घेण्यापुरता ठीक.

पानं जावास्क्रिप्टने तयार होत असतील तर यातल्या साध्या पद्धतीला रिकामा सांगाडाच दिसतो. तिथे पान प्रत्यक्ष ब्राउझरमध्ये उघडून मग लिंका उचलणारं साधन लागतं, उदाहरणार्थ ‘प्लेराइट’. हे काम संथ चालतं, म्हणून फक्त अशा पानांपुरतंच वापरा. कॅलेंडरसारखी पानंही आधीच वगळा. ‘पुढचा महिना’ची लिंक कधी संपत नाही.

दुसरी बाजू सर्व्हरच्या लॉगची, म्हणजे आलेल्या विनंत्यांच्या नोंदींची, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. क्रॉलर सांगतो काय तुटलेलं आहे, लॉग सांगतो लोक कशावर आपटत आहेत. कुठल्याच पानावर नसलेली, पण कोणाच्या तरी बुकमार्कमध्ये किंवा जुन्या ईमेलमध्ये असलेली लिंक फक्त लॉगमध्ये दिसते. ४०४ च्या, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ या उत्तराच्या, नोंदी पत्त्यानुसार मोजा आणि रेफरर, म्हणजे वाचक कुठल्या पानावरून आला, ही नोंद सोबत घ्या. अपाची या वेब सर्व्हरच्या ‘कम्बाइन्ड’ प्रकारच्या लॉगमध्ये ती असते. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस सर्व्हरमध्ये ते क्षेत्र निवडलेलं आहे का ते पाहा. आजचे ब्राउझर दुसऱ्या होस्टकडे जाताना पूर्ण पत्त्याऐवजी फक्त होस्टचं नाव पाठवतात, त्यामुळे विभागागणिक वेगळे होस्ट असतील तर नेमकं पान कळणार नाही. ते शोधायला क्रॉलची यादी लागतेच.

तिसरी बाजू फाइलींची. इंट्रानेटवरचा निम्मा जीव परिपत्रकं, नियमावल्या आणि एक्सेल शीटमध्ये असतो आणि बहुतेक क्रॉलर त्यांच्या आत शिरत नाहीत. वर्डची नवी फाइल ही प्रत्यक्षात झिप फाइल असते. ती उलगडली की आतल्या ‘रेल्स’ प्रकारच्या एक्सएमएल फाइलमध्ये बाहेर जाणारे पत्ते ओळीने मिळतात. एक्सेलमध्येही बरंचसं तसंच, फक्त हायपरलिंकचं सूत्र वापरून केलेल्या लिंका शीटच्या एक्सएमएलमध्ये वेगळ्या शोधाव्या लागतात. सीएमएसचा (पानांचा मजकूर सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) डेटाबेस वाचायला मिळत असेल तर तोही पाहा. कुठूनच न जोडलेली अनाथ पानं तिथेच दिसतात.

विनंती पाठवताना

वेळ वाचावा म्हणून टूल आधी ‘हेड’ विनंती पाठवतात, म्हणजे मजकूर न मागता फक्त उत्तराचा मथळा. काही जुनी ॲप्लिकेशन ती स्वीकारत नाहीत आणि ४०५ किंवा ५०१ (‘ही पद्धत चालत नाही’ अशा अर्थाचे कोड) देतात. ‘हेड’ने चूक दिसली की तोच पत्ता ‘गेट’ने पुन्हा मागायचा आणि मगच निकाल लिहायचा. एका अपयशावर लिंक मेलेली ठरवू नका. वेळ संपली किंवा ५०० च्या घरातला (सर्व्हरच्या बिघाडाचा) कोड आला, तर काही तासांनी आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी पाहा. रात्रीच्या बॅकअपच्या वेळी यंत्रणा बंद असणं आणि लिंक तुटणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ४२९ आला तर सर्व्हर ‘हळू या’ म्हणतोय. वेग कमी करा.

सर्टिफिकेटच्या (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राच्या) चुका नीट पाहा. कंपनीचं अंतर्गत सर्टिफिकेट कर्मचाऱ्यांच्या विंडोजमध्ये विश्वासार्ह म्हणून बसवलेलं असतं, पण पायथनमधली ‘रिक्वेस्ट्स’ लायब्ररी स्वतःची वेगळी यादी वापरते. परिणामी ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या शेकडो लिंका टूलमध्ये सर्टिफिकेटच्या चुकीने लाल होतात. यावर तपासणीच बंद करून टाकणं हा उपाय नाही, कारण मग खरोखर मुदत संपलेली सर्टिफिकेटंही निसटतात. कंपनीचं मूळ सर्टिफिकेट टूलला द्या.

पत्त्यातल्या हॅश चिन्हापुढचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. त्यामुळे लांबलचक नियमावलीतल्या ‘रजा नियम’ या भागाची लिंक तो भाग काढून टाकल्यावरही २०० (‘सगळं ठीक’चा कोड) देते आणि वाचक पानाच्या माथ्यावर उभा राहतो. अशा लिंकांसाठी पान उतरवून त्यात हॅशपुढची ती ओळख खरंच आहे का हे पाहावं लागतं.

२०० आलं म्हणून लिंक जिवंत आहे असं नाही

इंट्रानेटवर सर्वांत जास्त फसगत इथे होते. लॉगिन संपलेलं असेल तर यंत्रणा विनंती लॉगिनच्या पानाकडे वळवते आणि ते पान छान २०० देतं. टूलच्या हिशेबी सगळं हिरवं! म्हणून शेवटचा कोड पुरेसा नाही; सगळी वळणं संपल्यावर आपण कुठल्या पत्त्यावर पोहोचलो हेही नोंदवा. तो लॉगिनचा पत्ता असेल तर ती लिंक ‘तपासली गेली नाही’ या रकान्यात जाते, ‘चांगली’मध्ये नाही. तपासणी लांबली की लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या कुकीची मुदत मध्येच संपते, म्हणून लॉगिनशिवाय न दिसणारं एक खात्रीचं पान निवडा आणि दर काही मिनिटांनी ते मागून पाहा. त्यात ओळखीचा मजकूर दिसला नाही की तपासणी तिथेच थांबवा आणि पुन्हा लॉगिन करून त्याच जागेपासून पुढे जा.

दुसरा प्रकार ‘पान सापडलं नाही’ असं लिहिलेलं, पण २०० देणारं पान. हे पकडायची साधी युक्ती आहे. प्रत्येक होस्टवर मुद्दाम एक निरर्थक, नक्की नसणारा पत्ता मागा आणि जे उत्तर येईल ते जपून ठेवा. मग ज्या पानांचा मथळा आणि मजकूर त्या उत्तराशी जुळतो, ती सगळी संशयित. तिसरा प्रकार म्हणजे जुना पत्ता मुख्यपृष्ठाकडे वळवणं. वेगवेगळे पन्नास पत्ते जर एकाच पानावर येऊन थांबत असतील, तर ते पन्नासही तुटलेलेच धरा. संकेतस्थळाचं स्थलांतर करणाऱ्यांना ही तडजोड सोयीची वाटते. प्रवासभत्त्याचा फॉर्म शोधणाऱ्याला मात्र मुख्यपृष्ठ पाहून काहीच कळत नाही. माझ्या मते सरळ ४०४ याहून बरा, कारण तो निदान मोजता येतो.

कोड हे लक्षण आहे, कारण नव्हे

४०१ चं, म्हणजे ‘आधी ओळख पटवा’ या कोडचं, उदाहरण घ्या. विंडोजच्या एकात्मिक लॉगिनमध्ये पहिलं उत्तर ४०१ असणं हा ओळख पटवण्याच्या रीतसर प्रक्रियेचाच भाग आहे. त्याच पत्त्यावर लगेच २०० आला असेल तर ती चूक नाही. लॉग मोजताना असे ४०१ वगळले नाहीत तर अहवाल निरुपयोगी होतो.

४०३ म्हणजे सर्व्हरला विनंती कळली, पण या खात्याला तो मजकूर द्यायचा नाही. वेतनपत्रकांच्या फोल्डरवर हा कोड अगदी योग्य आहे. सगळ्यांसाठी काढलेल्या परिपत्रकावर तो आला तर मात्र चूकच. कोड एकच, निर्णय वेगळे. त्याहून अवघड म्हणजे मजकूर अस्तित्वात आहे हेच लपवण्यासाठी सर्व्हरने ४०३ ऐवजी ४०४ द्यायला एचटीटीपीच्या मानकात मुभा आहे, आणि काही यंत्रणा तसं करतात. म्हणून एका खात्यातून ४०४ आलेला पत्ता दुसऱ्या खात्यातून पाहिल्याशिवाय ‘मजकूर गेला’ असं लिहू नका.

आयआयएसवर ४०४ चेही पोटप्रकार असतात आणि ते लॉगमध्ये दिसतात. ४०४.३ म्हणजे फाइल जागेवर असते, पण त्या प्रकारच्या फाइली कशा द्यायच्या हे सर्व्हरला सांगितलेलं नसतं. ४०४.७ म्हणजे त्या एक्स्टेन्शनलाच (फाइलनावाच्या शेवटच्या भागालाच) मनाई आहे. दोन्ही ठिकाणी संपादकाने पत्ता कितीही बदलला तरी काही होणार नाही.

वर्गवारी: दुरुस्ती कोण करणार यावरून

प्रत्येक लिंकला एकच वर्ग द्या आणि तो उपायावरून ठरवा. ठरवतानाचा क्रमही महत्त्वाचा. आधी टूलची चूक बाजूला काढा: सर्टिफिकेट, प्रॉक्सी, संपलेलं लॉगिन. मग यंत्रणेचा बिघाड: होस्टनेम सापडत नाही, सर्टिफिकेटची मुदत संपली, वारंवार ५०२ किंवा ५०४ येतो. हे काम आयटीचं, आणि एका दुरुस्तीत शेकडो लिंका एकदम सुधारतात. त्यानंतर पोहोच: ऑफिसमधून उघडते, व्हीपीएनवरून नाही. हे नेटवर्कवाल्यांकडे. मग परवानगी: ते पान कोणी पाहायचं हे मजकुराच्या मालकाने सांगायचं, आयटीने परस्पर दार उघडू नये.

एवढं चाळून झाल्यावर उरतात त्या खऱ्या अर्थाने पत्त्याच्या आणि मजकुराच्या चुका. स्थलांतर या वर्गात मजकूर आहे, पत्ता बदलला आहे. इथे एकेक ओळ पाहू नका, नमुने शोधा: जुनं होस्टनेम, बदललेलं फोल्डर, एक्स्टेन्शन. विंडोजवरून लिनक्सवर गेलेल्या संकेतस्थळात लहान-मोठ्या लिपीच्या फरकाने तुटलेल्या लिंका हमखास असतात, कारण आयआयएस इंग्रजी अक्षरांतला तो फरक मानत नव्हता. मजकूर गेला या वर्गात पर्याय द्यायचा की लिंक काढायची हे मालकाने ठरवायचं. मुद्दाम काढलेल्या पानाला ४१० (‘कायमचं काढलं’) द्या, म्हणजे पुढच्या तपासणीत पुन्हा चर्चा नको. लिहिण्यातली चूक म्हणजे पत्त्याला चिकटलेला पूर्णविराम किंवा कंस, मध्ये आलेली रिकामी जागा, लेखकाच्या स्वतःच्या संगणकावरच्या सी ड्राइव्हचा पत्ता, चाचणी सर्व्हरची लिंक. शेवटच्या दोन लिहिणाऱ्याकडे (सी ड्राइव्हची लिंक वर्डसारख्या फाइलमध्ये असेल तर) बिनचूक उघडतात, म्हणून त्याला कधी कळतच नाहीत.

सामायिक फोल्डरच्या थेट लिंकांना मी वेगळा वर्ग देतो. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये त्या उघडत असत. २०२२ साली त्याला मिळणारा पाठिंबा संपला आणि आजचे ब्राउझर वेबपानावरून अशी लिंक सहसा उघडतच नाहीत. क्लिक केल्यावर काहीच होत नाही, चूक झाल्याचा संदेशही येत नाही आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये खूणही उरत नाही. फोल्डर जागेवर असलं तरी वाचकाच्या दृष्टीने लिंक मेलेली आहे. मायक्रोसॉफ्ट एजमध्ये पॉलिसीने ती चालू करता येते, पण फाइल दस्तऐवज-व्यवस्थेत हलवून तिला वेबचा पत्ता देणं अधिक टिकाऊ.

देवनागरी फाइलनावं

मराठी नावांच्या फाइली असतील तर हा भाग वगळू नका. पत्त्यात प्रत्येक देवनागरी चिन्हाचे तीन बाइट होतात आणि टक्केचिन्हाच्या रूपात ते नऊ अक्षरं जागा घेतात. काना, मात्रा, हलंत ही स्वतंत्र चिन्हं म्हणून मोजली जातात, त्यामुळे मध्यम लांबीचं नावही चटकन लांबीच्या मर्यादेला भिडतं आणि ईमेलमध्ये मधूनच कापलं जातं. दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. ‘कर्मचाऱ्यांची यादी’ या नावातलं ‘ऱ्या’ दोन-तीन प्रकारे टंकता येतं: ‘ऱ’ या एका चिन्हाने, ‘र’ला नुक्ता जोडून, किंवा ‘र’, हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर सगळी सारखी, सर्व्हरला मात्र वेगळी नावं. पहिल्या दोन रूपांना युनिकोडची प्रमाण रूपात आणण्याची प्रक्रिया एक करते, तिसऱ्याला करत नाही. म्हणून तुटलेल्या देवनागरी पत्त्यांची जुळणी करताना दोन्ही बाजू आधी प्रमाण रूपात आणा, अदृश्य जोडचिन्हाचं रूप तुमच्या स्क्रिप्टमध्ये हलंतासह ‘ऱ्’मध्ये बदलून घ्या आणि मगच तुलना करा.

शीट कशी मांडायची, आधी काय घ्यायचं

मोजणी नेहमी लक्ष्य पत्त्यावरून करा. तळपट्टीतली एक लिंक तुटली तर क्रॉलर ती प्रत्येक पानावर दाखवतो आणि आकडा फुगतो, पण दुरुस्ती एकच असते. प्रत्येक लक्ष्यासाठी हे रकाने ठेवा: ते कुठल्या पानांवर आहे, लिंकचे शब्द, वळणं संपल्यावरचा पत्ता, कोड, खातं, नेटवर्क, पहिल्यांदा कधी तुटलेलं दिसलं, शेवटचं कधी चाललं, वर्ग, मालक, निर्णय. लिंकचे शब्द विसरू नका. हरवलेल्या फाइलचा पर्याय शोधताना तोच सर्वांत चांगला धागा असतो.

अग्रक्रम ठरवताना लॉगमधले प्रत्यक्ष आपटलेले वाचक आधी पाहा आणि त्यानंतर विषय. अग्निसुरक्षा, तक्रार निवारण, वैद्यकीय मदत अशा पानांवरची लिंक महिन्यात दोनदाच उघडली जात असली तरी ती वर घ्या. तिथे येणारा माणूस अडचणीत असतो.

‘दुरुस्त केली’ असा निरोप आला की ज्या खात्यातून आणि ज्या जागेवरून ती तुटलेली दिसली होती, तिथूनच पुन्हा तपासा. दुर्लक्ष करायच्या लिंकांची यादी ठेवावीच लागते, पण प्रत्येक नोंदीला कारण, नाव आणि मुदत लिहा; मुदत संपली की नोंद आपोआप तपासणीत परत यावी. पूर्ण क्रॉल महिन्यातून एकदा पुरतो, लॉगची ४०४ यादी मात्र दर आठवड्याला काढा, आणि मोठं स्थलांतर असेल तर आदल्या दिवशीच सगळ्या पत्त्यांची यादी काढून ठेवा, म्हणजे नव्या सर्व्हरवर तीच यादी ओळीने मागून पाहता येते.